साहेब वाचणारा की ऐकणारा?

घोड्याच्या मागून आणि साहेबाच्या पुढून जाऊ नये, हा सल्ला नोकरीला लागलेल्या प्रत्येकाला कुणी ना कुणी दिलेला असतो. तो पाळणारे निवृत्तीपर्यंत सुखरूप पोहोचतातही. पण साहेबाला टाळून नोकरी होते, काम होत नाही. कामाला लागणारी माणसं, पैसा आणि वरच्या मजल्यावर काय शिजतंय याची खबर, हे सगळं त्याच्याच हातून खाली येतं.

हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या जॉन गॅबारो आणि जॉन कॉटर या प्राध्यापकांनी १९८० साली याच विषयावर ‘मॅनेजिंग युअर बॉस’ हा लेख लिहिला. साहेब आणि हाताखालचा माणूस, दोघंही चुकणारे आणि दोघंही एकमेकांवर अवलंबून, हे त्यातलं मुख्य सूत्र. म्हणून साहेबावर वरून कसला दबाव आहे आणि त्याची कामाची रीत काय आहे, हे आपणच समजून घ्यायचं.

ही रीत ओळखायची एक सोपी खूण व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर यांनी सांगून ठेवली आहे. काही माणसांना वाचून कळतं, काहींना ऐकून. त्यांचं आवडतं उदाहरण आयझेनहॉवर यांचं. दुसऱ्या महायुद्धात दोस्त सैन्याचे युरोपातले सरसेनापती असताना त्यांच्या पत्रकार परिषदांवर बातमीदार खूश असत, कारण प्रश्न आधी लेखी हातात पडतील अशी तजवीज सहायकांनी केलेली असे. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाल्यावर ते आधीच्या रूझवेल्ट आणि ट्रुमन यांच्यासारखे थेट प्रश्न घेऊ लागले. तेव्हा तेच बातमीदार म्हणू लागले, हे भलतीकडेच भरकटतात. माणूस तोच होता, फक्त हातातला कागद गेला होता.

आपल्याकडे ‘मला हे कुणी सांगितलंच नाही’ असं साहेब म्हणतात, तेव्हा ते दर वेळी खोटं बोलत नसतात. वाचणाऱ्या साहेबाला जिन्यात गाठून सांगितलेलं हवेत जातं. त्याला आधी अर्ध्या पानाची टिपणी द्यावी, मग भेटावं. ऐकणाऱ्याला आधी तोंडी सांगावं आणि ठरलेलं नंतर मेलवर टाकावं. व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा दिसल्या म्हणजे साहेबांना कळलं, असं मात्र कुणीही समजू नये!

दुसरी गोष्ट वाईट बातमीची. शुक्रवारचं काम होणार नाही हे सोमवारी कळलं, तर साहेब वरच्यांना सांभाळून घेऊ शकतो. शुक्रवारी संध्याकाळी कळलं, तर त्याची फजिती होते आणि ती तो विसरत नाही. चमचे नेमके इथेच उघडे पडतात. गोड तेवढंच पोहोचवणारा माणूस साहेबाला आवडत असेल, पण अडचणीच्या वेळी त्याला बोलावत नाहीत.

राहिला प्रश्न साहेबाचं आपल्याबद्दल काय मत आहे, याचा. खासगी कंपनीत मार्चच्या अप्रेझलची वाट न पाहता वर्षाच्या मध्यावर सरळ विचारावं. सरकारी नोकरीत तर कायदाच पाठीशी आहे. गोपनीय अहवालातला प्रत्येक शेरा, चांगला असो वा वाईट, कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली देव दत्त खटल्यात सांगितलं आहे. तुमचा कळवला गेला नसेल, तर लेखी अर्ज करून मागून घ्या.