कायमचे घर कोणते?

सन १९५० मध्ये इतवारीतील एखाद्या वाड्यात जन्मलेला गृहस्थ उंबरठा न ओलांडता तीन राज्यांचा रहिवासी झाला: प्रथम मध्यप्रदेश, १ नोव्हेंबर १९५६ पासून मुंबई राज्य व १ मे १९६० पासून महाराष्ट्र. घर हलले नाही, सीमा हलल्या. मग त्याचा कायदेशीर अधिवास कितीदा बदलला? आमचे उत्तर असे की, एकदाही नाही.

अधिवास म्हणजे नुसता मुक्काम नव्हे. प्रत्यक्ष वास्तव्य आणि तेथेच कायम राहण्याचा निश्चय, या दोहोंचा मेळ पडला म्हणजे नवा अधिवास सिद्ध होतो. आमचा व्यापारी वीस वर्षे मोंबासास पेढी चालवील. परंतु अखेर नागपुरास परतण्याचा त्याचा निश्चय कायम असेल, तर त्याचा अधिवास हिंदुस्थानातीलच. कंपनीस मन नसते, म्हणून तिचा निश्चय विचारावयाचा नाही. ज्या देशात तिची नोंदणी, तेथेच तिचा अधिवास.

प्रदीप जैन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली स्पष्ट सांगितले की, भारतात अधिवास एकच, तो देशाचा. राज्याराज्याचा निराळा नाही. जानेवारी २०२५ मध्ये तेच तत्त्व पुन्हा उच्चारून, पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणातील रहिवासावर आधारलेल्या राखीव जागा न्यायालयाने घटनाबाह्य ठरविल्या. तरीही आमचे विद्यार्थी कचेरीत 'डोमिसाईल'च्या दाखल्यासाठी खेटे घालतात. तो दाखला वस्तुतः पंधरा वर्षांच्या रहिवासाचा पुरावा होय. रहिवाशांस सवलत किती द्यावी, हा वाद स्वतंत्र. पण वस्तूस तिचे खरे नाव तरी द्यावे! नाव चुकले की माणसास आपल्याच देशात परकेपणा येतो.

याहून मोठा दोष १९२५ च्या वारसा कायद्यात आहे. हिंदू, मुसलमान, बौद्ध, शीख व जैन यांस अधिवासाचा हा भाग लागू नाही. परंतु पारशी व ख्रिस्ती भगिनींस लागू आहे. त्यांपैकी कोणी विवाह केला की पतीचा अधिवास तोच तिचा, आणि जंगम मिळकतीचा वारसा मृत्यूसमयीच्या अधिवासाच्या कायद्याने ठरतो. म्हणजे पतीने परदेशी कायमचे घर केले, तर येथेच राहिलेल्या पत्नीच्या ठेवीदागिन्यांचा वारस परक्या कायद्याने ठरावयाचा! विभक्तीचा न्यायालयीन हुकूम मिळाल्यासारखे अपवाद आहेत. पण नियम तो नियमच. ज्या इंग्लंडकडून आपण तो उचलला, त्याने १९७३ च्या कायद्याने तो टाकून दिला. स्त्रीस स्वतःचा निश्चय असतो, हे आपल्या कायदेमंडळाने आता तरी मान्य करावे.