कातडीखालील चुनखडे

कुकडी, मीना आणि घोड या नद्यांच्या कांठच्या काळ्या रानांत नांगराच्या फाळाबरोबर पांढरे चुनखडे वर येतात. जुन्नर-आंबेगांवच्या शेतकऱ्यास त्यांचें नवल वाटत नाहीं. परंतु तसाच टणक खडा स्वतःच्या कातडीखालीं बोटास लागला, कीं कर्करोगाच्या शंकेनें त्याची झोंप उडते. ही शंका बहुधा निराधार असते. मात्र ती बोटांनीं चांचपून फिटत नाहीं, सूक्ष्मदर्शक यंत्रानेंच फिटते.

रानांतला खडा कॅल्शियम कार्बोनेटचा, तर त्वचेंतला मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेटचा, म्हणजे हाडाच्या जातीचा. जुनी जखम, आंतल्या आंत फुटलेली गांठ किंवा कातडीखालीं मेलेला नारू, अशा निर्जीव भागावर हे क्षार सांचतात. भारतांत नारूचा शेवटचा रोगी 1996 सालीं आढळला. त्यापूर्वीं महाराष्ट्रासहि हा रोग परिचित होता. कधीं मूत्रपिंडें बिघडून रक्तांतील क्षारांचा तोल ढळतो व ते त्वचेंत उतरतात. कधीं कारणच सांपडत नाहीं.

काढलेल्या गांठीचा, मिलिमीटरच्या सुमारें 1/200 जाडीचा काप हेमॅटॉक्सिलिननें रंगविला म्हणजे क्षारांचे कण गडद निळे-जांभळे दिसतात. फॉन कोसा यांच्या 1901 सालच्या रीतीनें त्यावर रुप्याच्या क्षाराचें द्रावण घातलें, तर तेच कण काळे होतात. कणांभोंवतीं पुष्कळदां तंतूंचें कुंपण आणि अनेक केंद्रें असलेल्या मोठ्या पेशी आढळतात. परकी वस्तु गिळूं पाहणारे हे शरीराचे राखणदारच होत. मुलांच्या चेहऱ्यावर वा मानेवर केसांच्या मुळापासून होणारी एक गांठ मालेर्ब व शनांते यांनीं 1880 सालीं वर्णिली. तींत केंद्र लोपून नुसती छाया उरलेल्या पेशींचे थर दिसतात.

निर्णय मात्र एकट्या चुन्यावरून होत नाहीं. कांहीं कर्करोगांतहि चुना सांचतो. भोंवतालच्या पेशी आपल्या मर्यादेंत आहेत, कीं वेड्यावांकड्या होऊन शेजारच्या भागांत घुसत आहेत, हें पाहावें लागतें. म्हणून जुन्नरास वा मंचरास काढलेली गांठ साधी दिसली तरी फेंकून देऊं नये. ती फॉर्मॅलिनमध्यें ठेवून तपासणीस पाठवावी. अंगावर अनेक खडे उठत असल्यास रक्तांतील कॅल्शियम, फॉस्फेट आणि मूत्रपिंडेंहि तपासावींत. खडा निरुपद्रवी ठरला तर रोग्याची चिंता जाते. आंत दुसरा आजार असेल, तर तो वेळेवर हातीं लागतो.