आधी निदान, मग फोल्डर

अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकर अॅपवर चेहरा जुळल्याशिवाय घरी न्यायचा आहार द्यायचा नाही, हा नियम १ जुलै २०२५ पासून लागू झाला. तेव्हा चर्चा झाली ती नेटवर्कची, ओटीपीची आणि आधारला जोडलेल्या जुन्या नंबरांची. ती व्हायलाच हवी होती. पण ज्या स्क्रीनमध्ये बघून लाभार्थीचा चेहरा चौकटीत धरायचा, ती स्क्रीनच लपलपत असेल तर पुढचं सगळं खोळंबतं, हा मुद्दा मागेच राहिला. ई-पीक पाहणीचंही तसंच आहे: बांधावर उभं राहून पिकाचा फोटो काढायचा तर भर उन्हात डिस्प्ले धड दिसायला हवा. तलाठी कार्यालयापासून अंगणवाडीपर्यंतचं बरंच काम आता हातातल्या फोनवर आलंय, आणि त्याचा डिस्प्ले लपलपायला लागला की अहिल्यानगर जिल्ह्यात अकोल्यापासून जामखेडपर्यंत सल्ला एकच मिळतो: फोल्डर, म्हणजे काचेसकट अख्खा डिस्प्ले, बदलावं लागेल. हा सल्ला बऱ्याचदा घाईचा असतो. फोल्डर हा शेवटचा उपाय. तो पहिला होऊन बसलाय, त्याला तांत्रिक कारण कमी आणि हिशेबाचं जास्त.

बिघाड चित्र तयार होताना होतोय की ते पडद्यावर उमटताना, एवढं कळलं की अर्धं काम झालं. त्यासाठी फोन उघडावा लागत नाही. बहुतेक नव्या फोनमध्ये स्क्रीन रेकॉर्डिंगची सोय असते. ते सुरू करायचं, लपलप होऊ द्यायची आणि तो व्हिडिओ दुसऱ्या चांगल्या फोनवर बघायचा. लपलप तिथेही दिसली तर संशय सॉफ्टवेअरवर, कारण काचेतला दोष रेकॉर्डिंगमध्ये येऊच शकत नाही. मग फोन सेफ मोडमध्ये सुरू करून बघावा. तिथे लपलप थांबली तर गुन्हेगार नंतर टाकलेलं एखादं अॅप. डोळ्यांना त्रास नको म्हणून घेतलेली निळा प्रकाश गाळणारी अॅपं यात हमखास सापडतात. व्हिडिओ स्वच्छ निघाला तर आधी उजेडाकडे वळायचं. ऑटो ब्राइटनेस बंद करावा. सेन्सरवर चढलेली धूळ किंवा वाकडी बसलेली टेम्पर्ड ग्लास हीदेखील कारणं असतात. रिफ्रेश रेट १२० वरून ६० हर्ट्झवर आणून बघावा, कारण आपोआप खालीवर होणारा रेट कमी उजेडात ओलेड पडद्यावर झटके दाखवतो. लपलप फक्त चार्जिंग लावल्यावर होत असेल तर दोष बहुधा स्वस्तातल्या चार्जरचा किंवा वायरिंगचा; पिन काढली की पडदा शांत होतो आणि त्याबरोबर आपोआप दबणारी बटणंही. एवढ्या चाचण्यांना दहा-पंधरा मिनिटं पुरतात, पैसा एकही लागत नाही.

त्यातून निभावलं नाही तरच हार्डवेअर, आणि इथे आपला जिल्हा आडवा येतो. घाटघर, रतनवाडीकडे पावसाळ्यात काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तिथे फोनच्या कनेक्टरवर दमट हवेचा हिरवट थर चढतो आणि डिस्प्ले कधी येतो, कधी जातो. तांदळाच्या डब्यात फोन ठेवून हा थर निघत नाही. डिस्प्लेची स्ट्रिप सोडवून अल्कोहोलने साफ करावी लागते, आणि ती केली की पुष्कळदा जुनं फोल्डरच चालतं. कर्जत, जामखेडकडे दुखणं उलट. अॅपल, सॅमसंगसारख्या कंपन्या फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला सांगतात. तिकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो आणि फोन ट्रॅक्टरच्या बॉनेटवर पडलेला असतो. तापलेला फोन स्वतःच उजेड कमी करतो, त्याला बिघाड म्हणता येत नाही. एका बाबतीत मात्र चाचणीसाठीही थांबू नये: फुगलेल्या बॅटरीने पडदा आतून उचलला गेला असेल तर फोन बंद करावा, चार्जिंगला लावू नये, दाबून बसवू तर अजिबात नये. अशा वेळी नवं फोल्डर टाकणं म्हणजे पैसे पाण्यात.

यावर दुकानदारांचं म्हणणं ऐकून घेण्यासारखं आहे. साफसफाई करून शंभर-दोनशे रुपये मागितले की गिऱ्हाईक भांडतं, आणि चार दिवसांनी बिघाड परतला की दोष कारागिरावर येतो. फोल्डर बदललं की काम पक्कं, कमाईही बरी. त्यांचा हिशेब चुकीचा नाही. आपण निदानाचे पैसे देत नाही, हे चुकतं. डॉक्टरांची तपासणी फी निमूट देणारा माणूस फोन नुसता बघून द्यायचे पैसे का, असा वाद घालतो. शिवाय घाईत टाकलेलं फोल्डर डुप्लिकेट निघालं तर ओलेडच्या जागी एलसीडी येतो, पडद्याखालचा फिंगरप्रिंट बंद पडतो आणि नवी लपलप विकत घेतल्यासारखं होतं.

पडदाच खराब निघतो असंही घडतं. ओलेडवर अचानक उमटणारी उभी हिरवी रेघ घरच्या उपायांनी जात नाही. २०२४ मध्ये सॅमसंगने भारतात काही जुन्या महागड्या मॉडेलांचे पडदे मोफत बदलून दिले आणि वनप्लसने या रेघेसाठी आयुष्यभराची हमी जाहीर केली. म्हणून निदान महत्त्वाचं: कारण कळल्याशिवाय बिल कुणाच्या नावावर फाडायचं ते ठरत नाही. अंगणवाडी सेविकांना हे चांगलंच ठाऊक आहे. २०१९ मध्ये मिळालेले फोन गरम होत, अडकत, मेमरी पुरत नसे. वॉरंटी संपल्यावर दुरुस्तीचा भार सेविकांच्या तुटपुंज्या मानधनावर आला, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांनी राज्यभर फोन सरकारला परत केले. फेब्रुवारी २०२३ च्या संपातही नव्या मोबाईलची मागणी होतीच. जड अॅप हलक्या फोनवर लादल्याचा तो दोष होता, आणि तो वापरणारीच्या हाताळणीवर ढकलला गेला.

युरोपात २० जून २०२५ पासून कंपन्यांना मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं सुटे भाग पुरवणं बंधनकारक झालंय. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये दुरुस्ती निर्देशांकाचा अहवाल दिला. फोन किती सहज दुरुस्त होतो त्याचे गुण खोक्यावरच दिसावेत, ही कल्पना चांगली आहे. गुण देताना दुरुस्तीची माहिती उपलब्ध आहे का, हेही बघावं, अशी शिफारस आहे. ती माहिती इंग्रजी पीडीएफ होऊन कंपनीच्या संकेतस्थळावर पडून राहिली तर शेवगावच्या बाजारपेठेतल्या कारागिराला तिचा उपयोग शून्य. ती मराठीत हाती येईपर्यंत गिऱ्हाइकाने दुकानात दोनच गोष्टी मागाव्यात: बिलावर बिघाडाचं लेखी कारण, आणि काढलेलं जुनं फोल्डर. दुकानदाराने नकार दिला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.