कंबरदुखीचं विलायती औषध

लीड्स, इंग्लंड

इंग्लंडात कंबर धरली तर सरकारी सेवेत थेट स्पेशालिस्टकडे जाता येत नाही, हे कोकणातल्या आमच्या हेदवीत कुणाला पटतच नाही. तिथे सकाळच्या एसटीने चिपळूण गाठायचं आणि संध्याकाळी एमआरआयची पिशवी काखेत मारून परत यायचं, याची सवय. इथे आधी वस्तीतला दवाखाना, आणि तिथेही हल्ली बऱ्याचदा डॉक्टरऐवजी फिजिओच बसलेला.

माझ्या वाट्याला आलेल्या फिजिओबाईंनी अर्धा तास घेतला. पाय उचलून पाहिले, अंगठ्यातला जोर पाहिला. लघवीवर ताबा आहे का, बसायची जागा बधिर वाटते का, ताप, वजन उतरणं, पूर्वी कॅन्सर, सगळं विचारलं. लघवी किंवा बधिरपणाचं 'हो' निघालं असतं तर त्याच दिवशी मोठ्या इस्पितळात रवानगी होती. तसं काही नव्हतं. मग त्यांनी नऊ प्रश्नांचा एक कागद पुढे केला. कील विद्यापीठात तयार झालेला. अशा दुखण्यात हालचाल धोक्याची वाटते का? मनाला घोर लागतो का? हे कधी बरंच होणार नाही असं वाटतं का? उत्तरांवरून तीन गट पाडतात: कुणाला नुसता धीर आणि सल्ला, कुणाला फिजिओ, कुणाला फिजिओसोबत मनाचाही उपचार. मी एमआरआयचं काढलं, तर बाई म्हणाल्या, "त्याने काय बदलणार आहे?"

हा प्रश्न आमच्या काकांना कुणी विचारला असता तर! काकांचा एमआरआय म्हणजे घरातला ऐवज. 'एल चार-पाचमध्ये गॅप' हे त्यांनी एवढ्यांदा सांगितलंय की वाडीतल्या पोरांनाही पाठ आहे. त्या गॅपपायी त्यांनी वजनं लावून घेतली, शेक घेतले, सुया घेतल्या, पट्टा तर अंगाचाच झाला. त्याआधी उसण भरली म्हणून वाडीतल्या पायाळू मुलाची लाथही खाऊन झाली होती. काकू निर्गुडीचा पाला गरम करून शेकायची, आणि खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटलेलं मी पाहिलंय ते तेवढ्याच वेळी. आता ते ओणवे होत नाहीत. गॅप वाढेल ना! जन्मभर लावणी केलेला माणूस पायरीवर बसून दुसऱ्यांची लावणी बघतो.

आणि गॅप कुणाला नसतो? २०१५ साली तेहतीस अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेही पाठ अजिबात न दुखणाऱ्या माणसांचे. मणक्यांमधल्या चकत्यांची झीज, म्हणजे हाच गॅप, विशीतल्या ३७ टक्क्यांत सापडली आणि ऐंशीतल्या ९६ टक्क्यांत. म्हणजे काकांच्या वयाचं अख्खं हेदवी एमआरआयच्या यंत्रात घातलं तर बहुतेकांना पट्टा लागेल.

इथल्या 'नाइस' या सरकारी संस्थेने २०१६ मध्येच पट्टा, वजन लावणं, अॅक्युपंक्चर, अल्ट्रासाउंडचा शेक, सगळ्यांना नकार दिला. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ मध्ये पट्टा आणि वजनं नाकारली. मग स्पेशालिस्ट करतो काय? मणक्याच्या सांध्याजवळची नस आधी सुईने बधिर करून बघतो. उतार पडलाच, तर रेडिओलहरींच्या उष्णतेने ती जाळतो. पायात उतरलेली ताजी, असह्य कळ असेल तर कण्यात इंजेक्शन. नुसत्या कंबरदुखीसाठी मणके जोडायची शस्त्रक्रिया जवळजवळ नाहीच.

बाकीच्यांसाठी दुखणं सांभाळायला शिकवणारे वर्ग. फिजिओ आणि मानसशास्त्रज्ञ दोघं मिळून चालवतात. दुखणं शून्यावर आणू असं कुणी म्हणत नाही, उलट पहिल्याच दिवशी तसं स्पष्ट सांगतात. माझ्या वर्गात एक निवृत्त बसड्रायव्हर होता. फिजिओने त्याच्यापुढे दुधाच्या दोन बाटल्या ठेवलेलं खोकं ठेवलं आणि उचल म्हणाला. एवढा धिप्पाड गडी, पण खोक्याकडे फुरसं दिसल्यासारखा बघत राहिला. उचललं. पुढच्या वेळी चार बाटल्या.

हे काकांना मिळायला हवं होतं, असं तेव्हा फार वाटलं. पण ही हेवा करायची गोष्ट संपते तिथे इथली रांग सुरू होते. स्पेशालिस्टचे उपचार अठरा आठवड्यांत सुरू व्हावेत असा सरकारी नियम आहे. ९२ टक्के रुग्णांपुरतं ठरलेलं ते उद्दिष्टही २०१६ नंतर गाठता आलेलं नाही. पत्र येतं, पत्रात दुसऱ्या पत्राची सूचना असते. तोवर पाठीला हात लावायला कुणी नाही. ना काकू, ना निर्गुडी. रात्री कळ आली की फोनवर यंत्र बोलतं. अशा वेळी चिपळूणच्या डॉक्टरची आठवण येते. त्याचा एमआरआय नको तर नको, पण माणूस समोर तरी बसतो!

काकांना परवा हे सगळं सांगितलं. म्हटलं, पट्टा काढा, रोज दशभुज गणपतीच्या देवळापर्यंत चढून जा, आधी अर्ध्यावरून परत फिरा, मग वाढवा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"हे सांगायला तुला इंग्लंडात ठेवलाय होय? बरं, येताना तिकडचा एक चांगला पट्टा आण. इकडचे वर्षभरात सैल पडतात."