पद्मावतीची कंबर, ताराबाईंचा कासोटा

पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर मार्च २०१७ मध्ये एका रात्री जमावाने संजय लीला भन्साळी यांच्या ‘पद्मावती’चा सेट पेटवला. वेशभूषेचे कपडे जळाले. वाद राणीच्या चित्रणाचा. जानेवारी २०१८ मध्ये ‘पद्मावत’ या नावाने चित्रपट आला, तेव्हा ‘घूमर’ गाण्यातली दीपिका पदुकोणची उघडी कंबर संगणकावर झाकलेली होती. चित्रपटाचे दागिने तनिष्कचे; ओरड कमरेची झाली, दागिन्यांच्या बाजाराची फारशी नाही.

कायदाही अंगावरचे कापडच मोजतो. स्त्रियांच्या असभ्य चित्रणाला बंदी घालणारा १९८६ चा कायदा जाहिरातींना लागू आहे, पण नखशिखांत झाकलेल्या साचेबंद बाईला तो हात लावत नाही. लग्नसराईतल्या नऊवारीची जाहिरात बघा: मॉडेल नथ सावरत खाली बघते. कासोटा घोड्यावर मांड टाकायलाही सोयीचा, हे तिथे कुठे दिसते? पन्हाळ्यावरून राज्यकारभार हाकणाऱ्या ताराबाई कोल्हापूरच्या कावळा नाक्यावरच्या पुतळ्यात घोड्यावरच आहेत.

साच्याबद्दल बोलणारी नियमावली उशिरा आली. मुंबईस्थित अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडियाने ती जून २०२२ मध्ये काढली: घरकाम करणारी बाई दाखवा, पण ते तिचेच काम असे सुचवू नका, चाकोरीबाहेर वागणाऱ्याची टिंगल नको. ही संस्था जाहिरात व्यवसायानेच १९८५ मध्ये उभारलेली आहे. आक्षेपार्ह जाहिरातीची तक्रार कोणीही ग्राहक तिच्याकडे ऑनलाइन करू शकतो.