मदतीची यादी कोण लिहितो?

संकट जात पाहत नाही, असे आपल्याकडे मोठ्या तोऱ्यात सांगितले जाते. लाट जात पाहत नाही, हे खरेच. पण लाट ओसरल्यावर जो माणूस वही घेऊन मदतीची यादी लिहायला बसतो, तो जात पाहतो की नाही? हा प्रश्न आम्ही केवळ चळवळीच्या आवेशात विचारीत नाही. डॅनियल ऑल्ड्रिच या अमेरिकन अभ्यासकाच्या संशोधनानेच तो जगापुढे ठेवला आहे.

ऑल्ड्रिच हे राज्यशास्त्राचे प्राध्यापक. २००५ च्या जुलैमध्ये ते कुटुंबासह न्यू ऑर्लिन्सला राहायला गेले आणि ऑगस्टअखेर कतरिना वादळात त्यांचे घर बुडाले. सरकार आणि विमा कंपनी यांच्याआधी मदतीला आले ते मित्र आणि परिचित. एक वस्ती लवकर उभी राहते, दुसरी खचते, असे का? याचा शोध त्यांनी सुरू केला. टोकियोचा १९२३ चा भूकंप, कोबेचा १९९५ चा भूकंप, २००४ ची त्सुनामी आणि कतरिना या चार आपत्ती तपासून २०१२ मध्ये त्यांनी ‘बिल्डिंग रेझिलिअन्स’ हा ग्रंथ लिहिला. त्यांचा निष्कर्ष असा की, पैसा किंवा नुकसानीचे प्रमाण यांपेक्षा माणसांचे आपसातील नाते वस्तीला अधिक सावरते. कोबेच्या मानो वस्तीत लोकांनी रांग लावून हातोहात बादल्या दिल्या आणि आग विझवली. दुसऱ्या एका वस्तीतले लोक नुसते पाहत राहिले.

हा अर्धा निष्कर्ष परिषदांतून सगळेच सांगतात. आपल्या कामाचा आहे तो उरलेला अर्धा.

तामिळनाडूच्या किनाऱ्यावरील गावांत ऑल्ड्रिच यांना काय दिसले? मच्छीमार जातीची ‘ऊर पंचायत’ तिथे बळकट. सरकार असो की स्वयंसेवी संस्था, बाहेरून येणारा प्रत्येकजण तिच्याशीच बोले आणि नुकसानग्रस्तांची यादी तिच्याकडूनच घेई. जे पंचायतीचे, त्यांना मदत वेगाने मिळाली. दलित, विधवा, मुसलमान, बाहेरून आलेले मजूर हे मात्र यादीबाहेर राहिले. ज्याची होडी गेली त्याचे नुकसान मोजले गेले. त्या होडीवर राबणाऱ्याची मजुरी बुडाली ती कोण मोजणार? म्हणजे ज्या एकीने गाव सावरले, त्याच एकीने वेशीबाहेरच्याला उपाशी ठेवले. टोकियोत १९२३ मध्ये तर कोरियन लोक विहिरींत विष टाकतात अशी अफवा उठली आणि वस्तीरक्षणासाठी जमलेल्या टोळ्यांनी हजारो कोरियनांना ठार मारले. तीही एकीच होती!

बाबासाहेबांच्या अनुयायांना यात नवल वाटू नये. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत गावगाड्याचे गोडवे गाणाऱ्यांना बाबासाहेबांनी खडसावले होते आणि संविधानाने गावाला नव्हे, व्यक्तीला घटक मानले याचे समाधान व्यक्त केले होते. ज्याला विद्वान आज ‘समाजाची एकी’ म्हणतात, तिच्यात आपला माणूस धरला आहे काय, हा प्रश्न त्यांनी तेव्हाच विचारला होता.

आणि यादी गावाने न करता सरकारने केली म्हणजे न्याय होतोच, असेही नाही. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर स्थलांतरित गावांत भूमिहीनाला आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्याला २५० चौरस फुटांचे घर, सात हेक्टरपर्यंतच्याला ४०० आणि त्यावरच्याला ७५०. भूकंपाने घरे पाडली. उंच-नीच पुन्हा बांधली ती सरकारी नियमाने. भूमिहीन कोण असतो, हे का वेगळे सांगायला हवे?

कायदा आपल्या बाजूने आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ चे कलम ६१ स्पष्ट सांगते की, भरपाई आणि मदत देताना लिंग, जात, समुदाय, वंश किंवा धर्म यांवरून भेदभाव करता येणार नाही. पण भेदभाव करणाऱ्याला शिक्षा काय, हे त्या कलमात लिहिलेले नाही. शिवाय भेदभाव सिद्ध करायचा तर कागद हवा. नाव यादीत आलेच नाही, तर अपील कशाचे करणार? वकिली करताना आम्ही पाहिले आहे की, चावडीत बसून लिहिलेला पंचनामा वस्तीपर्यंत पोहोचतच नाही.

म्हणून आमचे म्हणणे थोडके आहे. पंचनामा वस्तीत येऊन, वस्तीतील पंच घेऊन व्हावा. यादी चावडीवर लागते तशी बुद्धविहाराच्या दारावरही लागावी. बुडालेली मजुरी नुकसान म्हणून लिहिली जावी. विधवेचे नाव तिच्या स्वतःच्या नावाने यावे.

ऑल्ड्रिच यांनी नात्यांचे तीन प्रकार सांगितले: आपल्यातले, इतर समाजांशी जोडणारे आणि सत्तेशी जोडणारे. आपली वस्ती पहिल्यात कमी नाही. तिसऱ्यात आपण उघडे पडतो. पूर येण्याआधीच प्रत्येक विहारातील दोन शिकलेल्या मुला-मुलींनी तहसील कार्यालयाची पायरी ओळखीची करून घ्यावी, वस्तीतील घरांची, माणसांची, रोजगाराची नोंदवही तयार ठेवावी आणि मागाहून माहितीच्या अधिकारात यादी मागवून ती या नोंदवहीशी ताडून पाहावी.

मदत ही कोणाची मेहरबानी नाही, हक्क आहे. तो हक्क यादीतील एका ओळीवर अवलंबून असेल, तर ती ओळ लिहिली जाताना आपला माणूस तिथे उभा असलाच पाहिजे.