डाव्या पायाचे काम कोण करणार?

संध्याकाळी सातच्या सुमारास साकीनाक्याच्या चौकात उभे राहून मोटारींकडे कधी लक्षपूर्वक पाहिले आहे का? अंधेरीहून घाटकोपरकडे निघालेली मोटार चार हात पुढे सरकते, थांबते, पुन्हा चार हात सरकते. कडेने चालणारा माणूस तिला सहज मागे टाकतो. तेवढ्या वेळात चालकाने डाव्या पायाने क्लच किती वेळा दाबला, हे त्याच्या गुडघ्यालाच ठाऊक! म्हणून नवी गाडी घ्यायची म्हटले, की घरात वाद सुरू होतो. बाबा म्हणतात, गिअरची गाडीच बरी, ती आपल्या ताब्यात राहते. ताई म्हणते, गिअर आपोआप बदलणारी घ्या. हा वाद नुसत्या आवडीनिवडीचा वाटतो. पण त्याच्या मुळाशी एक सोपा हिशेब आहे. तो आधी करू.

पेट्रोलचे इंजिन मोठे हट्टी असते. मिनिटाला सुमारे 800 फेऱ्यांपेक्षा हळू फिरायला लावले, तर ते धडधडून बंद पडते. सहा-सात हजारांच्या पलीकडेही त्याला नेता येत नाही. आता इमारतीखाली उभ्या असलेल्या एखाद्या लहान मोटारीच्या चाकाभोवती दोरा लावून त्याचा परीघ मोजा (मालकाला विचारून!). तो साधारण 1.75 मीटर भरेल. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाच्या सुमारे 14 फेऱ्या होतात तेव्हा चाकाची 1 फेरी होते. म्हणजे इंजिनाच्या 800 फेऱ्यांत चाकाच्या 57 फेऱ्या, आणि अंतर सुमारे 100 मीटर. मिनिटाला 100 मीटर म्हणजे ताशी 6 किलोमीटर. हा तर भरभर चालणाऱ्या माणसाचा वेग झाला! याच गिअरमध्ये ताशी 80 किलोमीटर गाठायचे, तर इंजिनाला मिनिटाला साडेदहा हजारांहून अधिक फेऱ्या घ्याव्या लागतील. ते टिकणार नाही. म्हणून वेग वाढला की वरचे गिअर टाकावे लागतात. तेथे चाकाच्या एका फेरीला इंजिनाच्या तीन-साडेतीन फेऱ्या पुरतात. मात्र चाकाला मिळणारा जोरही त्या प्रमाणात घटतो. गिअरची सायकल चढावर चालवणाऱ्यांना हे पायांनीच कळलेले असते.

पण ताशी 6 किलोमीटरपेक्षा हळू जायचे असेल तर? साकीनाक्याचा खरा प्रश्न हाच आहे. इंजिन चाकांना घट्ट जोडले तर ते बंद पडते, आणि अगदी सोडले तर गाडी हलत नाही. मग चालक क्लच अर्धवट दाबून धरतो. क्लचच्या तबकड्या एकमेकींवर घसरत राहतात आणि थोडाच जोर पुढे जातो. तळहात एकमेकांवर जोराने घासून पाहा, म्हणजे या घसरण्याची किंमत कळेल. उड्डाणपुलाच्या चढावर ब्रेक न लावता गाडी अर्ध्या क्लचवर तोलून धरणाऱ्याच्या नाकाला कधीतरी जळका वास येतो, तो या तबकडीचाच.

मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी जवळच्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनत असे. तिचा गिअरचा दांडा जमिनीतून न निघता स्टिअरिंगच्या दांड्यालाच बसवलेला होता. ऑक्टोबर 2023 मध्ये ही टॅक्सी रस्त्यावरून निवृत्त झाली. तोवर तिच्या चालकांनी रोज कितीदा क्लच दाबला असेल, याचा विचार करा.

हे काम यंत्रावर सोपवण्याची एक जुनी युक्ती फार सुंदर आहे. दोन टेबलपंखे समोरासमोर ठेवून एकच चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसऱ्याची पातीही फिरू लागतात. हवेच्या जागी तेल घाला, दोन्ही पंखे एका बंद डब्यात बसवा, की झाला तेलाचा क्लच. गाडी थांबली तर एक पंखा थांबतो, दुसरा फिरत राहतो. इंजिन बंद पडत नाही आणि झिजायला तबकडीही नाही. दोन्हींमध्ये वळणदार पात्यांचे तिसरे चक्र बसवले, की सुटताना जोरही वाढतो. दोष एकच: तेल घुसळण्यात पेट्रोल वाया जाते. म्हणून आताच्या गाड्यांत वेग आल्यावर दोन्ही पंखे एकमेकांना जखडून टाकतात.

आपल्याकडे 2014 मध्ये मारुतीच्या सेलेरिओने दुसरी, स्वस्त युक्ती आणली. गिअरपेटी जुनीच, क्लचची तबकडीही जुनीच. फक्त ती दाबायला पायाऐवजी यंत्राचा हात. गुडघा सुटला, पण तबकडी सुटली नाही! अशी गाडी चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबून थोपवून धरली, तर तबकडी तितकीच तापते. विक्रेता दोन्ही प्रकारांना ‘ऑटोमॅटिक’ म्हणतो. तेव्हा घरच्यांना आत काय आहे ते विचारायला सांगा.

अंधेरी-घाटकोपर रोज करणाऱ्याने गुडघ्याची कीव करावी, असे माझे मत आहे. पण बाबांचे म्हणणेही टाकाऊ नाही. खंडाळ्याचा घाट उतरताना सतत ब्रेक दाबला, तर ब्रेक तापून निकामी होऊ शकतात. तेथे खालचा गिअर टाकून इंजिनालाच गाडी रोखायला लावतात. जुने चालक सांगत, ज्या गिअरने घाट चढायचा त्याच गिअरने उतरायचा. आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीतही खालच्या गिअरची सोय असते, पण ती कधी वापरायची हे चालकालाच ठाऊक असावे लागते. गिअरच्या गाडीवर शिकलेल्याला ते सांगावे लागत नाही.

साकीनाक्याला पुन्हा उभे राहाल तेव्हा वर पाहा. मोटारींच्या रांगेवरून 2014 पासून मेट्रो धावते आहे, तिला ना क्लच, ना बदलायचे गिअर. बोरिवलीला 1928 पासून येणाऱ्या विजेच्या लोकललाही ते कधी लागले नाहीत. विजेची मोटार शून्य फेऱ्यांपासूनच पूर्ण जोर लावू शकते. तिला बंद पडण्याची भीतीच नाही. विजेवरच्या मोटारगाडीत डाव्या पायाखाली काहीच का नसते, हे आता तुम्हीच ताईला सांगा.